४६ वर्षं भरून राहिलेली चावी

आजोबांचं खिशातलं घड्याळ बाबांनी जास्त चावी देऊन बिघडवलं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मग अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका काकांनी ते घड्याळ उघडलं.

‘जास्त पिळू नको!’

आमच्या घरात हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं. नळ बंद करा, बरणीचं झाकण लावा, सायकलचा नट आवळा, काहीही फिरवायला घेतलं की बाबा मागून म्हणणारच, ‘बस, जास्त पिळू नको.’ मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टॉर्क म्हणजे काय हे मला परीक्षेपुरतं तरी येतं. पण बाबांपुढे ते चालत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, बाबा मनगटावर घड्याळ घालत नाहीत. कधीच नाही. शाळेत शिकवतात, तास सुरू व्हायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, पण स्वतःचं घड्याळ नाही.

या दोन्ही सवयी एकाच रात्रीतून आल्या आहेत, हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं.

सुट्टीत आजीची लोखंडी पेटी आवरत होते. तळाशी आजोबांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. साखळीचं, खिशात ठेवायचं घड्याळ. पांढरी शुभ्र डायल, रोमन आकडे, निळसर काटे, खाली सेकंदाची वेगळी छोटी डायल. वर लिहिलेलं ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’, त्याखाली मुंबई आणि कलकत्ता. काटे सव्वादोनवर थांबलेले.

‘आजी, हे चालतं का गं?’

‘चालत होतं,’ आजी म्हणाली. ‘तुह्या बापानं पिळून ठेवलं. मार खाल्ला मंग.’

सव्वादोन वाजता काय झालं?

घड्याळ मुळात पणजोबांचं. त्यांच्यानंतर ते आजोबांकडे आलं. आजोबांना सगळे अण्णा म्हणायचे. ते अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत होते. हजेरी लिहायची आणि पाळी बदलायची वेळ झाली की भोंगा वाजवायला सांगायचा, हे त्यांचं काम. म्हणजे शंभर-दीडशे माणसं या एका घड्याळावर कामाला लागायची आणि याच घड्याळावर घरी जायची.

रोज रात्री जेवण झालं की घड्याळाला चावी द्यायची. हा मान घरातल्या धाकट्याचा, म्हणजे बाबांचा. डिसेंबर १९७९. बाबा तेव्हा चौथीत. त्या रात्री त्यांनी चावी दिली आणि घड्याळ उशाशी ठेवलं. ते रात्री सव्वादोनला थांबलं. अण्णा उठले तेव्हा घड्याळात सव्वादोनच. ते पुन्हा झोपले. सकाळच्या पाळीचा भोंगा उशिरा वाजला. मालकानं सगळ्यांदेखत बोल लावले आणि अण्णांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

घरी येऊन अण्णांनी घड्याळाची चावी फिरवून पाहिली. फिरेचना. गच्च भरलेली. चावी पुढे जात नाही आणि घड्याळही चालत नाही, मग निष्कर्ष सोपा होता. पोरानं जास्त पिळलं. बाबांच्या कानाखाली एक बसली. गावातल्या एका दुकानदारानंही घड्याळ न उघडताच ‘ओव्हरवाइंड झालं, आतलं गेलं, आता नवीन घ्या’ असं सांगून टाकलं. अण्णांनी हप्त्यानं एचएमटी घेतलं आणि हे घड्याळ पेटीत गेलं.

बाबा आज ५५ वर्षांचे आहेत. ‘ते माझ्याच हातनं बिघडलं,’ हे ते अजूनही अगदी सहज सांगतात. दहावीचे मार्क सांगावेत तसं.

दगडी पुलापलीकडे

मी आधी नव्या शहरातल्या दोन-तीन चकचकीत दुकानांत गेले. एकानं हातात घेऊन बघितलं आणि ‘शोपीस म्हणून छान दिसेल’ म्हणाला. दुसऱ्यानं तर आतलं मशीन काढून त्यात बॅटरीचं बसवून देतो, अशी ऑफर दिली. ‘बाहेरून कळणारही नाही!’ तो म्हणाला. मी घड्याळ परत घेतलं.

मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की जुन्या शहरात एक काका आहेत, चावीची घड्याळं अजून खोलतात. अकोल्याच्या पोरांना जुनं शहर सांगायची गरज नाही. मोर्णा ओलांडली की असदगडाचा बुरूज, राजराजेश्वराचं मंदिर, जयहिंद चौक आणि मग दोन स्कूटी समोरासमोर आल्या की कुणाला तरी मागे जावं लागतं अशा गल्ल्या. त्यातल्याच एका गल्लीत काकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एका जिन्याखालची जागा. एक टेबल, टेबलाला मुलांच्या पाटीसारखी उभी कड, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळून खाली जाणार नाही. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ.

काका सत्तरीच्या पुढचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ‘चावीचं काम मी बारा वाजेलोक करतो,’ ते म्हणाले. ‘मंग उजेड बदलते. दुपारून फक्त सेल टाकतो.’

त्यांनी डोळ्याला काळा आयग्लास लावला, नखानं मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, ‘हे घड्याय जिनातलं हाय काय व माय?’

मी त्यांना जिनाबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

झाकणाच्या आतली डायरी

काकांनी आयग्लास माझ्या हातात दिला. आधी काहीच दिसेना. मग श्वास धरला, कोपर टेबलावर टेकवलं आणि एकदम सगळं स्वच्छ झालं. पितळी चाकं, निळे स्क्रू, छोटे लालसर खडे. आणि त्यांच्यामध्ये पांढरे बारीक तंतू. चिकट, पिवळट झालेल्या तेलात अडकलेले.

‘रुई हाय ते,’ काका म्हणाले. ‘जिनात काम करनाऱ्याच्या घड्यायात निंघतेच.’

जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना हवेत रुई उडत असते. जुन्या खिशातल्या घड्याळांना आजच्यासारखं रबराचं सील नसतं. झाकणाच्या फटीतून, चावीच्या दांड्याच्या बाजूनं धूळ आत जाते. वऱ्हाडात ती धूळ कापसाची. एक तंतू एका चाकाच्या दातात आडवा बसला होता.

मग त्यांनी झाकण उजेडात तिरकं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते. ‘११/४१’. त्याखाली ‘५२’. मग ‘६०’. आणि शेवटी ‘३/६८’.

जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत अशी खूण करून ठेवतात. जगभर ही पद्धत आहे. पुढच्या माणसाला कळावं की हे शेवटचं कधी उघडलं होतं. म्हणजे झाकणाची आतली बाजू ही त्या घड्याळाची केस पेपर फाइल. ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

‘बंद कधी पडलं?’ काकांनी विचारलं.

‘१९७९. डिसेंबर.’

त्यांनी बोटांवर मोजलं. ‘अकरा वर्स. चार-पाच वर्सांत तेल लागते याले. अकरा वर्स तेल नाई, वरून थंडीचे दिवस, आन् दातात रुई.’ मग आयग्लास कपाळावर सरकवत म्हणाले, ‘चावी जास्त देल्ल्यानं कोनतंच घड्याय बंद पडत नाई, माय. चावी पुरी भरली का ते अडते. अडलं का मानूस थांबते. त्याच्यावरही जोर लावला तं कमान तुटन. पन याची कमान तुटली कुठं?’

‘कमान शाबूत आहे, हे कसं कळलं?’

‘दाखवतो,’ ते म्हणाले.

ती चावी अजून आतच होती

चावीचं कुठलंही घड्याळ खोलायच्या आधी चावी उतरवावी लागते. कमान म्हणजे मेनस्प्रिंग, एका डबीत गुंडाळलेली पोलादाची लांब पट्टी. ती भरलेली असताना चाकांवरची पट्टी काढली, तर सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि चाकांचे दात मोडतात. म्हणून आधी एका हातानं चावीचं बटण घट्ट धरायचं, दुसऱ्या हातातल्या काडीनं तो कुत्रा मागे ओढायचा (हो, कुत्राच म्हणतात. कमानीला उलटं फिरू न देणारा छोटा खटका) आणि बटण बोटांतून हळूहळू मागे सरकू द्यायचं.

काकांनी खटका ओढला. बटण त्यांच्या बोटांत उलटं फिरायला लागलं. एक वेढा, दुसरा, तिसरा... फिरतच राहिलं.

मला कळायला दोन सेकंद लागले. ही चावी दुकानदारानं दिलेली नव्हती. अण्णांनीही नाही, त्यांना तर ती फिरवताच आली नव्हती. ती भरली होती चौथीतल्या माझ्या बाबांनी, डिसेंबर १९७९ मध्ये. घड्याळ चाललंच नाही, म्हणून ती खर्चच झाली नाही. ४६ वर्षं तशीच आत दबून बसली होती.

मी मोबाइल काढला तोवर शेवटचे दोन-तीन वेढे उरले होते. तेवढाच व्हिडिओ आहे. बारा सेकंदांचा.

आत नेमकं काय चालतं?

काकांनी पुढचे दोन रविवार मला शेजारच्या स्टुलावर बसू दिलं. अट एकच होती, टेबलाला धक्का लावायचा नाही.

चावीच्या घड्याळात बॅटरी नाही, चिप नाही. ताकद कमानीतून येते. कमान उलगडते, डबी फिरते, डबी चाकांना फिरवते. मधलं चाक तासाला एक फेरी मारतं, त्यावर मिनिटकाटा. पुढचं एक चाक मिनिटाला एक फेरी, त्यावर सेकंदकाटा. आता ही चाकं मोकळी सोडली तर कमान काही क्षणांत उलगडून मोकळी होईल. म्हणून शेवटी एक पहारेकरी लागतो. तो चाकाला एका वेळी एकच दात पुढे जाऊ देतो. त्या अडवण्या-सोडण्याचा आवाज म्हणजे टिकटिक.

आणि पहारेकऱ्याला ताल देतं बॅलन्स व्हील. केसापेक्षा बारीक अशा गुंडाळलेल्या स्प्रिंगवर ते इकडून तिकडे झुलतं. ही स्प्रिंग वापरायची युक्ती क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६७५ मध्ये मांडली. आमच्या घड्याळात बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो. सेकंदाला पाच. दिवसाला चार लाख ३२ हजार. पाच वर्षांचे होतात जवळजवळ ७९ कोटी. हे मी दुकानात बसून कॅल्क्युलेटरवर केलं आणि काकांना दाखवलं. ते म्हणाले, ‘मंग? तेल मांगन का नाई ते?’

घड्याळात जे ‘ज्युएल’ असतात, आमच्यात १५ आहेत, ते दागिना म्हणून नसतात. ते कृत्रिम माणकाचे खडे. चाकांच्या आसांची टोकं त्यांच्या छिद्रांत फिरतात. पोलाद पितळावर घासलं तर झिजतं, गुळगुळीत कठीण खड्यावर फार कमी झिजतं. विकायला गेलात तर त्या खड्यांचं काही येणार नाही.

पेट्रोल, काडी आणि सुईच्या टोकाएवढं तेल

सर्व्हिसिंग म्हणजे तेल सोडणं, असं मला वाटत होतं. खरं तर तेल हे शेवटचं काम.

आधी काटे, मग डायल. डायल तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत भाजलेल्या मुलाम्याची असते, म्हणजे जवळपास काचच. जरा वाकली की तडा. आमच्या डायलवर सहाजवळ केसासारखी एक रेघ आहे. ‘ही नवीन रंगवून देता येईल?’ मी विचारलं. काका म्हणाले, ‘येते. पन मंग ते तुह्या पनजोबाचं नाई राहत.’ रेघ तशीच राहिली.

मग बॅलन्स, पट्ट्या, चाकं. प्रत्येक स्क्रू ज्या पट्टीतून निघाला, तिच्याच शेजारी ठेवायचा. दिसायला सारखे असतात, लांबी वेगळी. चुकीचा लांब स्क्रू घातला तर तो खालच्या चाकाला टेकतो आणि मग तासन् तास शोधत बसा, घड्याळ का थांबतंय. सुटे भाग काचेच्या झाकणाच्या वाटीत पेट्रोलमध्ये पडले. मऊ ब्रशनं घासले. खड्यांची छिद्रं मात्र ब्रशनं साफ होत नाहीत. त्यासाठी लाकडाची बारीक काडी टोक काढून छिद्रात फिरवायची. काडीचं टोक काळं निघालं. पुन्हा तासायची, पुन्हा फिरवायची. टोक पांढरं निघेपर्यंत. एका छिद्रासाठी सहा वेळा. मी मोजलं.

कमान बाहेर काढली तेव्हा ती सरळ उसळी घ्यायला हवी होती. ती अर्धवट गुंडाळलेलीच राहिली. इतकी वर्षं दाबून राहिल्यानं थकलेली. तुटली नव्हती, पण घड्याळ दिवसभर ओढायची ताकद तिच्यात नव्हती. काकांनी तिची रुंदी-जाडी मोजली आणि पत्र्याच्या डब्यातून, जुन्या पाकिटांच्या ढिगातून जुळणारी दुसरी काढली. तो डबा त्यांच्या उस्तादांचा. जुनी कमान त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून मला दिली. ‘बाबाले दे.’

तेल शेवटी. सुईसारख्या टोकावर जेवढं चिकटेल तेवढंच. कमानीला घट्ट ग्रीस, चाकांच्या टोकांना पातळ तेल, आणि काही ठिकाणी तेल द्यायचंच नाही. केसासारख्या स्प्रिंगला चुकून तेल लागलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं. जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट, कारण ते जिथं हवं तिथून ओघळून जातं.

तेल वाळतं कसं, हा प्रश्न अकोल्यात विचारायचा नसतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. ‘आपल्या इथं मानूस वायते, तेलाचं काय घेऊन बसली,’ काका म्हणाले.

घड्याळ कुणाचं, वेळ कुणाची?

असं घड्याळ जिनातल्या माणसाच्या खिशात आलं कसं? १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. त्याच दशकात भुसावळहून अकोल्यामार्गे रेल्वे निघाली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रेल्वे आली की वेळापत्रक आलं. जिन आले की पाळी आली. त्याआधी सूर्य कुठवर आला यावर भागत होतं.

गंमत बघा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ आहे. अकोला साधारण ७७ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्या गावाचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २२ मिनिटं मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा राजेश्वराच्या कळसावर सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. मुंबई तर आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई वेळ’ पुढेही कित्येक वर्षं धरून बसली होती.

वेस्ट एंडची घड्याळं बनायची स्वित्झर्लंडमध्ये आणि विकली जायची इथे. स्वतंत्र भारतानं मग स्वतःचं घड्याळ केलं. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झाला. अण्णांचं दुसरं घड्याळ तिथलंच. पण तोवर खेळ बदलू लागला होता. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सायकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आज आपण वापरतो त्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पाच ठोक्यांचं घड्याळ त्याच्यापुढे कसं टिकणार? १९८४ मध्ये टायटन सुरू झाली, तिनं भर क्वार्ट्झवर दिला. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

‘तवा या गल्लीत चार जन होतो,’ काका म्हणाले. ‘आता मी.’ त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. तोही आयग्लास लावतो, तोही चिमट्यानं काम करतो. फक्त कमानीचं काम त्याला करायचं नाही. काकांची त्यावर तक्रारही नाही. ‘त्याचं पोट भरते,’ एवढंच ते म्हणाले.

‘भरू द्या, भाऊ’

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतरच्या रविवारी घड्याळ न्यायला बोलावलं होतं. बाबा सोबत आले.

व्हिडिओ मी त्यांना आधीच दाखवला होता. त्यांनी तो तीनदा बघितला. ओरखड्यांचा फोटोही बघितला, ३/६८. मला वाटलं, आता ते म्हणतील, ‘बघा, माझी चूक नव्हतीच!’ ते तसं काही म्हणाले नाहीत. आजीकडे गेले आणि विचारलं, ‘अडुसष्टनंतर अण्णांनी घड्याळ दाखवलं नाही का कुठं?’

आजी निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले. ‘बहात्तरचा दुष्काय,’ ती म्हणाली. ‘मंग तुह्या आत्याचं लगन. घड्यायले तेल घालाले पैसे कुठं होते?’ मग थोड्या वेळानं स्वतःशीच, ‘त्याईले माहीत होतं का काय, कोन जाने.’

आम्हाला ते कधीच कळणार नाही. बाबांनी फक्त मान हलवली.

दुकानात काकांनी घड्याळ बाबांच्या हातात दिलं. ‘चावी द्या, भाऊ.’

बाबांनी बटण धरलं. एक, दोन, तीन वेढे. घड्याळ सुरू झालं. बाबा थांबले. मी शिक्षकाला फळ्यासमोर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, पण तेव्हा त्यांचा अंगठा हलत नव्हता.

‘भरू द्या,’ काका म्हणाले. ‘अडते तेव्हा तेच सांगते.’

बाबा हळूहळू फिरवत गेले. खटक्याचा कर्र कर्र आवाज येत राहिला. मग तो थांबला. चावी पूर्ण भरली होती, आणि घड्याळ चालत होतं. बाबांनी ते कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मी मोबाइलवर टिकटिक मोजणारं अॅप लावलं. आडवं ठेवलं की दिवसाला दीड मिनिट पुढे, साखळीला टांगलं की दोन मिनिटं मागे. काकांनी कानाला लावून जे सांगितलं होतं, ते साधारण हेच होतं. ‘रात्री आडवं ठेवा, दिवसा खिशात ठेवा. एकमेकाले भरून काढतीन.’ नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला याहून जास्त वळण लावू नये, असं त्यांचं मत पडलं. पैसे घेतले नऊशे.

निघताना मी झाकण उघडून बघितलं. ३/६८ च्या खाली नवा ओरखडा होता, ८/२५.

आता बाबा रोज रात्री चावी देतात. नळाच्या बाबतीत मात्र काही फरक पडलेला नाही.

पुढची सर्व्हिसिंग २०३०च्या आसपास. तेव्हा हे कोण उघडणार, हा प्रश्न मी काकांना विचारला, तर त्यांनी खणातून एक बंद पडलेलं एचएमटीचं मशीन काढून माझ्यापुढे ठेवलं. गेले चार रविवार मी ते खोलते आणि जोडते. अजून ते चाललेलं नाही. परवा जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.

चौकट: घरात जुनं चावीचं घड्याळ सापडलं तर...

• चावी फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेकदा कमान भरलेलीच असते आणि आतलं तेल वाळलेलं असतं.

• बंद घड्याळ हलवून, ठोकून सुरू करू नका. वाळलेल्या तेलात चालवलं तर चाकांची टोकं झिजतात.

• गंज काढायचा स्प्रे, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, काहीही आत सोडू नका. ते सगळं नंतर कुणाला तरी काडीनं काढावं लागतं.

• अंधारात चमकणारे आकडे-काटे असतील तर ते खरवडू नका. साधारण १९६०पर्यंतच्या अशा अनेक घड्याळांत रेडियम असायचं. चमक गेली तरी किरणोत्सार संपत नाही. ती भुकटी नाकातोंडात जाता कामा नये.

• स्पीकर, चुंबक, चुंबकाचं बटण असलेलं मोबाइलचं कव्हर यांच्यापासून लांब ठेवा. बारीक स्प्रिंगला चुंबकत्व आलं की घड्याळ पुढे पळू लागतं.

• दुरुस्तीला देताना आधी विचारा, ‘चावी उतरवून, पूर्ण खोलून साफ करणार का?’ नुसतं तेल सोडून देणार असतील तर परत आणा.

• डायल रंगवायची, केस पॉलिश करायची घाई नको. आणि झाकणाच्या आतले ओरखडे तर अजिबात घासू नका. ते वाचा. घरातल्या कुणाची तरी बाजू त्यात लिहिलेली असू शकते.